दखलपात्र, अदखलपात्र

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला कोतवाल भेटतो तो तेंडुलकरांच्या नाटकात. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या 'घाशीराम कोतवाल'वर गेल्या अर्धशतकात विपुल लिहिले गेले. नाना फडणवीस खरोखर तसा होता का, पुण्याच्या ब्राह्मणांची त्यात बदनामी झाली का, सत्ता आपली हत्यारे कशी घडवते आणि काम संपल्यावर कशी मोडते, लोकनाट्याच्या घाटाचे तेंडुलकरांनी काय केले, हे सारे प्रश्न पुनःपुन्हा चघळून झाले आहेत. एक प्रश्न मात्र या चर्चेत निदान माझ्या वाचनात आलेला नाही, आणि तो अगदीच गद्य असल्यामुळे राहून गेला असावा. पुण्याच्या रहिवाशाने आपल्या कोतवालाकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची होती? घरी चोरी झाली, शेजाऱ्याने बोळ अडवला, कोणी मारहाण केली, तर कोतवालीत जाऊन काय मागता येत होते आणि ते न मिळाले तर पुढे कोणाकडे जाता येत होते? नाटकात नागरिक आहेत ते माणसांच्या भिंतीच्या रूपाने. ती भिंत नाचते, गाते, आड येते, बाजूला होते. फिर्याद मात्र करीत नाही.

घाशीराम सावळदास १७७७ ते १७९१ अशी चौदा वर्षे पुण्याचा कोतवाल होता. त्या काळच्या कोतवालाच्या कामांची व्याप्ती पाहिली तर आजचा वाचक चकित होईल. पेठांमधले महत्त्वाचे तंटे तोडायचे, बाजारभावांवर नजर ठेवायची, रस्ते, बोळ आणि घरे यांविषयीचे वाद मिटवायचे, जागांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवायची, शहरात कोण आले व कोण गेले याची टिपणे करायची, सरकारी कामाला लागतील तेव्हा मजूर पुरवायचे आणि या सगळ्याचा हिशेब सरकारात दाखल करायचा. म्हणजे पोलीस, महापालिका, दुय्यम निबंधक आणि दिवाणी न्यायालयाचा काही भाग एकाच चावडीत बसलेले. या यादीतली बहुतेक कामे सरकारच्या दिशेने तोंड करून उभी आहेत. हिशेब सरकारला, मजूर सरकारला, आल्यागेल्याची खबर सरकारला. रहिवाशाच्या वाट्याला येते ती या व्यवस्थेची सावली. आणि सावलीची फिर्याद करता येत नाही.

सावली अगदीच निरुपयोगी होती असेही नाही. विल्यम हेन्री टोन हा आयरिश लष्करी अधिकारी अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या चाकरीत होता. रात्रीची तोफ झाल्यावर पुण्यात रस्त्यावर सापडलेल्या माणसाला सकाळपर्यंत अडकवून ठेवण्याचा रिवाज किती कडक होता हे सांगताना, खुद्द पेशव्यालाही एकदा अशी रात्र काढावी लागल्याची गोष्ट त्याने नोंदवली आहे. गोष्ट खरी की ऐकीव, हा वेगळा प्रश्न. ती सांगितली जात होती, एवढे आपल्याला पुरेसे आहे. पुढे एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या आपल्या १८१९ च्या अहवालात पुण्याच्या बंदोबस्ताविषयी अनुकूल मत दिले. मोठे दरोडे आणि खून शहरात क्वचितच होत, असे त्याला दिसले. तेव्हा शिस्त होती. प्रश्न शिस्तीचा नव्हताच.

प्रश्न ऑगस्ट १७९१ च्या अखेरीस उघडा पडला. पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी काहींना कोतवालाच्या माणसांनी पकडून एका कोंदट जागेत कोंडले. वीसहून अधिक माणसे आत गुदमरून मेली. मानाजी फाकडे या सरदाराने कुलूप फोडवून उरलेल्यांना बाहेर काढले, तेव्हा बोभाटा झाला. तेलंगी ब्राह्मण जमावाने नानांच्या दारी जाऊन बसले, नानांनी अखेर घाशीरामाला त्यांच्या हवाली केले आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबांनी १८६३ साली याच नावाचे पुस्तक लिहिले तेव्हापासून हा मृत्यू मराठी लेखनात आहे आणि बहुधा काव्यगत न्याय म्हणून वाचला जातो. मला त्यात दुसरे काही दिसते. कोंडलेली माणसे आणि नानांचा वाडा यांच्यामध्ये एकही पायरी नव्हती. कोतवालाविरुद्ध अर्ज घेणारा, चौकशी करणारा, कोठडीचे दार संध्याकाळी उघडून पाहणे ज्याचे काम आहे असा कोणीही नव्हता. होता तो एक मनस्वी सरदार, आणि नंतर जमाव. घाशीरामाच्या डोक्यात पडलेला दगड हा त्या व्यवस्थेतला पहिला उपलब्ध तक्रार अर्ज होता.

गावाकडची रीत निराळी होती, आणि एका अर्थाने अधिक कठोर. चोरी झाली की गावच्या जागल्याने, मग तो रामोशी असो, भिल्ल असो की महार, चोराचा माग काढायचा. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली केला की जबाबदारी त्या गावावर गेली. जिथे माग विरला तिथल्या गावाने चोर हजर करायचा, नाही तर नुकसान भरून द्यायचे. या रीतीत फिर्यादीला जे मिळत होते ते आधुनिक पोलिसाने कोणालाही कधी देऊ केलेले नाही. आज चोरीची नोंद होते, तपास होतो, मुद्देमाल सापडला तर न्यायालयामार्फत परत मिळतो. न सापडला तर ठाणे आपल्याला काहीही देणे लागत नाही. जुन्या गावाने ते देणे मान्य केले होते.

पण या रीतीवर भाळून जाण्याचे कारण नाही. भरपाईचा बोजा शेवटी कोणाच्या पाठीवर येई हे उघड आहे. गावाच्या उतरंडीत ज्यांची जागा तळाशी, रात्रीचा पहारा त्यांचा, संशयही पहिल्यांदा त्यांच्यावरच. एकाच माणसाने राखण करायची आणि राखण्यात कसूर झाली तर चोरही तोच ठरायचा. इंग्रजी अमलात रामोशांचे गडकोटांवरचे आणि गावांतले हक्क आटले, तेव्हा त्या असंतोषातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले; ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी देण्यात आले. इंग्रजांनी गावचा पाटील मात्र ठेवला. १८२७ चे रेग्युलेशन, १८६७ चा मुंबई ग्राम-पोलीस कायदा आणि स्वातंत्र्यानंतर १९६७ चा महाराष्ट्राचा कायदा, अशा तीन दस्तऐवजांतून पोलीस पाटील आजवर चालत आला आहे. माग विरला, तो भरून देण्याची जबाबदारी विरली, पद उरले.

१८६१ हे वर्ष भारतीय पोलिसांच्या इतिहासात दोन कारणांनी येते. पहिले सर्वांना माहीत आहे: त्या वर्षीचा पोलीस कायदा. मुंबई इलाख्याची पोलीस व्यवस्था मुख्यतः स्वतःच्या निराळ्या कायद्यांवर चालत आली, तरी त्या काळाची वृत्ती समजायला १८६१ चा कायदाच बरा. त्याच्या तेविसाव्या कलमात पोलीस अधिकाऱ्याच्या कर्तव्यांची यादी आहे आणि तीत पहिले कर्तव्य आहे वरून आलेले कायदेशीर हुकूम पाळण्याचे. मग सार्वजनिक शांततेविषयी गुप्त माहिती मिळवणे, मग गुन्हे रोखणे, गुन्हेगार शोधणे व पकडणे. दारात आलेल्या माणसाशी काय करायचे, हे त्या यादीत नाही. १८५७ नंतर चार वर्षांनी लिहिलेल्या यादीत ते नसावे यात नवल नाही.

दुसरे कारण कमी सांगितले जाते. त्याच वर्षी आलेल्या पहिल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३९ व्या कलमाने ठाणेदारावर एक साधे बंधन घातले: त्याच्याकडे आलेली तक्रार वा माहिती लेखी करायची आणि तिचा सारांश वहीत उतरवायचा. पुढच्या संहितांत हे कलम जागा बदलत गेले. १८८२ मध्ये त्याला १५४ हा आकडा मिळाला आणि २०२४ पर्यंत तोच राहिला. पुढे 'एफआयआर' या तीन अक्षरांनी जे घराघरांत पोहोचले ते मूळचे हेच. या देशातल्या सामान्य माणसाचे पोलिसांकडे असलेले पहिले लेखी देणे कोणते असे कोणी विचारले तर मी या कलमाकडे बोट दाखवीन. संरक्षण, न्याय किंवा भरपाई यांतले काहीच त्याने देऊ केलेले नाही. लिहून घेऊ, एवढेच.

'लिहून घेऊ' या वचनाचा मराठीत एक स्वतंत्र गद्यप्रकार तयार झाला आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे पाहायला हवे. 'मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद लिहून देतो की' असा त्याचा आरंभ. पुढे वय, धंदा, राहणार अमुक, कुटुंबात कोण कोण. मग दिनांक व वेळ, आणि 'इसम', 'सदर', 'नमूद', 'शिवीगाळ करून', 'हाताबुक्क्यांनी', 'जीवे ठार मारण्याची धमकी' या ठरीव शब्दांनी बांधलेली घटना. शेवटी, 'माझी वरील फिर्याद माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिली असून ती मी वाचून पाहिली, बरोबर आहे'. हे प्रथमपुरुषी निवेदन आहे आणि त्यातले एकही वाक्य बहुधा त्या प्रथम पुरुषाचे नसते. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. बोलणाऱ्याची भाषा गडचिरोलीची किंवा मालवणची, लिहिणाऱ्याची ठाण्याची. 'फिर्याद' हा शब्द फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ आक्रोश, मदतीची हाक असा आहे. हाकेचे 'सदर इसमाने' होईपर्यंत मध्ये जे गळते त्याचा हिशेब खटल्यात पुढे बचाव पक्षाचा वकील मांडतो: अमुक गोष्ट तुम्ही पहिल्या जबानीत सांगितली नव्हती, मग आता कशी आठवली? फिर्यादीने ती सांगितलेलीही असते. लिहिणाऱ्याला ती महत्त्वाची वाटलेली नसते.

त्याहून मोठी गळती एका विशेषणात आहे. संहितेने गुन्ह्यांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात पोलीस स्वतः तपास सुरू करू शकतात. दुसऱ्या वर्गात दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून त्यांना तपास करता येत नाही, त्यांनी वहीत नोंद करायची आणि माणसाला न्यायालयाचा रस्ता दाखवायचा. कायद्याची ही विभागणी मुळात पोलिसांच्या हाताला आवर घालणारी होती. क्षुल्लक भांडणासाठी शिपायाने घरात शिरू नये, हा त्यातला हेतू मान्य करायला हवा. मराठीत या दोन वर्गांना नावे मिळाली ती 'दखलपात्र' आणि 'अदखलपात्र'. परिभाषा म्हणून ती निर्दोष आहेत. पण 'दखल' हा शब्द मराठीत परिभाषेच्या आधीपासून राहतो. दखल घेणे म्हणजे लक्ष देणे, विचारात घेणे, माणसाला माणूस म्हणून मोजणे. रात्री अकरा वाजता ओठ फुटलेल्या अवस्थेत ठाण्यात आलेल्या बाईला 'तुमचे प्रकरण अदखलपात्र आहे' असे सांगितले जाते, तेव्हा ती कोणता शब्द ऐकते? तिला परिभाषा ऐकू येत नाही. तिला ऐकू येते की, आपण लक्ष देण्याच्या लायकीचे नाही.

आणि हे कल्पित उदाहरण नाही. साधी दुखापत, म्हणजे भारतीय दंड संहितेचे कलम ३२३, अदखलपात्र होते. भारतीय न्याय संहितेतही ते तसेच आहे. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आले तोपर्यंत नवऱ्याने बायकोला केलेल्या मारहाणीसाठी, हाड मोडल्याशिवाय वा हत्यार चालल्याशिवाय, ठाण्यापाशी दुसरे घर नव्हते. नवरा-बायकोचे भांडण पोलिसांनी 'आपसातले' म्हणून परतवले याला त्यांची मनोवृत्ती जबाबदार आहेच. पण त्या मनोवृत्तीला बसायला कायद्याने खुर्ची दिली होती. रोजच्या बोलण्यात त्या नोंदीचे 'एन.सी.' झाले, आणि 'एन.सी. घेतो' याचा अर्थ 'आता घरी जा' असा झाला.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यकर्त्यांनी यात काही बदलले का? उत्तर अनपेक्षित आहे. मुंबई राज्याने १९५१ साली जिल्हा पोलीस आणि मुंबई शहर पोलीस यांचे वेगवेगळे कायदे एकत्र करून मुंबई पोलीस अधिनियम केला. आज तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने लागू आहे. त्याचे ६४ वे कलम नेहमीसारखे, हुकूम पाळण्याचे आणि गुन्हेगार पकडण्याचे. पण त्याच्या ६६ व्या कलमाचा विषयच पोलिसांची जनतेविषयीची कर्तव्ये हा आहे. रस्त्यावरच्या अपंग व असहाय माणसाला आपल्या शक्तीनुसार सर्व मदत करायची. अटकेतला माणूस जखमी वा आजारी असेल तर तातडीने उपचार मिळवून द्यायचे आणि नेता-आणताना त्याच्या प्रकृतीचा विचार करायचा. कोठडीतल्या प्रत्येकाच्या अन्नाची व निवाऱ्याची नीट व्यवस्था करायची. झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करायचा नाही, त्रास द्यायचा नाही. स्त्रिया आणि मुले यांच्याशी वागताना सभ्यतेची मर्यादा कसोशीने पाळायची आणि वाजवी सौम्यता ठेवायची. आग, अपघात आणि लोकांवर येणारे धोके टळावेत म्हणून शिकस्त करायची.

मी हे कलम प्रथम वाचले तेव्हा पुन्हा वाचले. एका पोलीस कायद्यात 'उद्धटपणा' आणि 'सौम्यता' हे शब्द यावेत! सनद, मिशन, ध्येयवाक्य असले शब्द जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, नागरिकाने स्थानिक पोलिसांकडून काय अपेक्षावे हे इथे सात ओळींत लिहून ठेवले आहे, तेही दंडुक्याच्या भाषेत न लिहिता. पण वाचनाची सवय झालेल्या माणसाला त्यातली विशेषणेही दिसतात. सौम्यता हवी, पण वाजवी. वाजवी कोणी ठरवायची? उद्धटपणा नको, पण विनाकारण; म्हणजे सकारण उद्धटपणाला मुभा आहे. मदत करायची ती शक्तीनुसार. त्यापुढे तीच संहिता १६१ व्या कलमात पोलिसाविरुद्धच्या खटल्याला मुदतीचे कुंपण घालते. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल ठरावीक काळात दावा वा फिर्याद झाली नाही तर ती ऐकलीच जात नाही. कर्तव्ये सात ओळींत मोकळी, दाद मागण्याची वाट मात्र अरुंद. तरीही मी त्या कलमाच्या बाजूने बोलेन. विशेषणे पळवाटा असतात, हे खरे. पण 'सौम्यता' हा शब्द कायद्यात आहे म्हणून तिच्या अभावाला नाव देता येते. घाशीरामाच्या काळात ते नावही नव्हते.

हे कलम अमलात येऊन वीस वर्षे उलटली होती तेव्हा, २६ मार्च १९७२ रोजी, चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात एक आदिवासी मुलगी आणली गेली. (देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे.) डॉक्टरी अंदाजाने तिचे वय चौदा ते सोळा, म्हणजे ६६ व्या कलमातली 'स्त्री' आणि 'मूल' अशा दोन्ही शब्दांत बसणारे. ती आरोपी नव्हती. तिच्या भावाने तिला फूस लावून नेल्याची तक्रार केली होती आणि तिचा जबाब घेण्यासाठी तिला बोलावले होते. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब झाले. सगळे जायला निघाले तेव्हा तिला मागे ठेवून घेण्यात आले, आणि ठाण्याच्या आवारात तिच्यावर बलात्कार झाल्याची फिर्याद दोन पोलिसांविरुद्ध पुढे दाखल झाली.

ही फिर्याद दाखल कशी झाली, हा तपशील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे आणि त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. बाहेर थांबलेल्या नातेवाइकांभोवती लोक जमले. गर्दी वाढली. एका पोलिसाला मारण्याची आणि ठाणे पेटवून देण्याची भाषा सुरू झाली. घरी गेलेल्या हेड कॉन्स्टेबलला परत बोलावून आणावे लागले. त्याने जमावाची समजूत घालून त्याला पांगवले आणि त्यानंतर मुलीचा जबाब लिहून घेतला. तोच प्रथम माहिती अहवाल म्हणून नोंदला गेला. म्हणजे १८६१ पासून कायद्याने देऊ केलेले ते एकमेव वचन, 'लिहून घेऊ', पाळले जायला १९७२ मध्येही दाराशी जमाव लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याच्या रंगमंचावर घाशीरामाला जमावाच्या हाती दिले जात होते. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध नाही, आणि तो जोडून दाखवण्याचा माझा हेतूही नाही. पण 'घाशीराम' शिकवताना १९७२ या सालाचा उल्लेख आला की मला पुण्याआधी देसाईगंज आठवते.

पुढचा इतिहास परिचित आहे. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, यावरून ती संमती ठरवण्यात आली. ठाण्यात रात्री एकट्या राहिलेल्या त्या मुलीने ओरडून कोणाला बोलवायचे होते? पोलिसांना? उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेअभ्यासकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात हा प्रश्न फार संयमाने आणि फार स्पष्टपणे विचारला. त्याच न्यायालयाने १९७८ च्याच एप्रिलमध्ये नंदिनी सत्पथी खटल्यात स्त्रीला ठाण्यात बोलावण्याच्या प्रथेवर ताशेरे ओढले होते, याची आठवणही त्यांनी करून दिली. त्या पत्रातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ चा दुरुस्ती कायदा झाला आणि कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा मानला गेला. मला त्या निकालात आणखी एक अनुपस्थिती जाणवते. तिने संमती दिली की नाही यावर न्यायालयाने खल केला. ठाण्याचे तिच्याविषयी काही कर्तव्य होते की नाही, हा प्रश्न खटल्याचा विषयच झाला नाही.

त्यानंतरची वाट मी भराभर सांगतो, कारण ती कागदावर लांबलचक आणि अनुभवात आखूड आहे. पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये मुंबईतल्या कोठड्यांमधल्या स्त्रियांसाठी आदेश दिले: स्त्रियांसाठी निराळ्या कोठड्या, पहाऱ्यावर स्त्री पोलीस, चौकशी स्त्री पोलिसाच्या उपस्थितीतच. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेविषयीचे अकरा दंडक आले. १९९७ मध्ये दिल्लीत मुख्यमंत्र्यांची परिषद झाली आणि 'सिटिझन्स चार्टर' ही १९९१ ची ब्रिटिश कल्पना 'नागरिकांची सनद' होऊन आपल्याकडे उतरली. २००५ च्या महाराष्ट्राच्या विलंब प्रतिबंध कायद्याने ती कार्यालयांना सक्तीची केली. ठाण्यांच्या भिंतींवर फलक लागले: पासपोर्ट पडताळणी इतक्या दिवसांत, चारित्र्य दाखला इतक्या दिवसांत, ध्वनिक्षेपकाचा परवाना इतक्या दिवसांत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा सेवांना अपिलाची जोड दिली. हे उपयोगाचे आहे, आणि मी त्याची चेष्टा करणार नाही. पण 'सनद' हा शब्द निवडणाऱ्याला त्याचा इतिहास आठवला नसावा. मराठी कागदपत्रांत सनद असते ती इनामाची, वतनाची. देणारा धनी, घेणारा आश्रित. नागरिकाची म्हणून जी सनद भिंतीवर लागते तिच्यावर शिक्का देणाऱ्याचाच असतो. असो.

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्याचा निकाल लागला. राज्यांनी पोलीस तक्रार प्राधिकरण नेमावे, असा त्यातला एक आदेश होता. १७९१ मध्ये जी पायरी नव्हती ती हीच. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २९ सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले, आणि तिथल्या हलगर्जीबद्दल काही पोलिसांना निलंबित करावे लागले. महाराष्ट्राने प्राधिकरणाची तरतूद कायद्यात आणली ती २०१४ मध्ये.

दरम्यान कलम १५४ वर प्रश्न उभा होताच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर ती नोंदवलीच पाहिजे, की आधी खरेखोटे पाहण्याची मुभा ठाणेदाराला आहे? १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने सांगितले की, नोंदवलीच पाहिजे. काही मोजक्या प्रकारांतच अल्प मुदतीची प्राथमिक चौकशी चालेल. १८६१ चे 'लिहून घेऊ' खरोखर 'लिहून घेऊ' असेच वाचायचे, हे ठरायला एकशे बावन्न वर्षे लागली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने स्त्रियांवरच्या काही गंभीर गुन्ह्यांची नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली. माझ्या मते ही या इतिहासातली सर्वात महत्त्वाची ओळ आहे. इथे प्रथमच एका विशिष्ट माणसाने एक विशिष्ट कागद न लिहिणे हा गुन्हा ठरला, त्यात 'वाजवी' नाही, 'शक्तीनुसार' नाही.

तिच्या जोडीने आणखी एक ओळ वाचण्यासारखी आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, लोकसेवकाची कर्तव्ये एकेक करून लिहिली. त्यांतले पहिलेच असे: तोंडी दिलेली माहिती लेखी करून झाल्यावर, सही घेण्याआधी, ती देणाऱ्याला वाचून दाखवायची. तिची प्रतही लगेच द्यायची. वाचून दाखवण्याची ही अट १८८२ पासूनच्या संहितांत होतीच. पण इथे ती जाणूनबुजून चुकवण्याला शिक्षा आहे. 'ती मी वाचून पाहिली, बरोबर आहे' हे वाक्य आता छापील शेपूट राहत नाही, निदान या एका कायद्यापुरते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि कलम १५४ चे १७३ झाले आहे. हद्द कोणाचीही असो, नोंद करायची; ज्याला लोक 'झिरो एफआयआर' म्हणत होते त्याला आता कायद्याचा आधार आहे. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत सही झाली की ती नोंदीवर येते. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचे. तीन वर्षे वा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठाच्या परवानगीने, नोंदीआधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. २०१३ मध्ये बंद केलेले दार तेवढे किलकिले झाले आहे. गुन्ह्यांचे दोन वर्ग कायम आहेत आणि त्यांची मराठी नावेही.